कव्हर बघून घेतलेला गेम



आज पाठाचं टाचण नाही, स्वाध्याय पण नाही. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला बहिणीकडे गेलो होतो. तिथून एक विषय डोक्यात घेऊन नांदेडला परत आलो, तो लिहून काढतो. विषय आहे व्हिडिओ गेमचा. "सर, तुम्ही पण?" असं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. गेम वाईट, मोबाईल वाईट, पोरं बिघडली, हे मी लिहिणार नाही. ते आपण दरवर्षी पालक सभेत बोलतो आणि पोरं दरवर्षी खेळतातच.

माझा भाचा सहावीला आहे. दाजींची लातूरच्या मार्केट यार्डात अडत आहे. त्यांचा पुतण्या पुण्याला कंपनीत असतो. तो कामासाठी सिंगापूरला गेला होता, येताना त्यानं निन्टेन्डो कंपनीचं 'स्विच' नावाचं मशीन आणलं. टीव्हीला जोडलं की दोघांना एकदम खेळता येतं, नाहीतर हातात धरून एकट्यानं. सोबत मारिओ कार्ट, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम. दोन दिवस घरात नुसता गोंधळ. माझी बहीण, जिला साधा फोटो पाठवायचा तर पोराला हाक मारावी लागते, तीसुद्धा गाडी पळवायली होती आणि वळणावर स्वतःच वाकडी होत होती.

तिसऱ्या दिवशी रडारड. भाच्यानं पुतण्याच्या खात्यातून, सगळ्यांना विचारूनच, एक स्वस्तातला गेम घेतला होता. ट्रकच्या शर्यतीचा. मशीनमधल्याच ऑनलाइन दुकानात तो सेलला लागला होता. कव्हरवर डोंगर, धूळ, लालभडक ट्रक. आत काय? ट्रक भिंतीतून आरपार जायचा, आवाज मिक्सरसारखा, आणि रस्ता एकच, फक्त रंग बदललेला. दहा मिनिटांत पोरगं वैतागलं. पैसे गेले ते गेलेच. गेमचं नाव इथं लिहीत नाही, तसे हजार आहेत.

दाजी मला म्हणाले, "गुरुजी, हे मारिओवाल्याचंच मशीन ना? दुकान पण त्याचंच. मग असला माल आपल्या दुकानात ठेवलाय कामून त्यानं?"

प्रश्न अडत्याचा होता, पण अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा होता. त्याचं उत्तर शोधता शोधता मला आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या आणि पालकांच्या, कामाचं बरंच काही सापडलं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गेमचं मशीन बनवणारी कंपनी एक असते, पण त्यावर चालणारे सगळे गेम तिचे नसतात. काही ती स्वतः करते. बाकीचे बाहेरच्या कंपन्या करतात आणि परवाना घेऊन त्या मशीनसाठी विकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बालभारतीचं पुस्तक हे घरचं, आणि त्याच पाठांवरचे गाईड, वर्कबुक, प्रश्नसंच हे बाहेरचे. जूनमध्ये दुकानात काय होतं ते आठवा. बालभारतीचं पुस्तक कोणी उघडून बघत नाही, ते नुसतं पिशवीत टाकतात. गाईड घेताना मात्र पालक गोंधळतो. शेवटी जाड आणि चकचकीत कव्हरचं उचलतो, नाहीतर दुकानदार देईल ते. आत काय आहे हे ना त्यानं बघितलेलं असतं, ना दुकानदारानं.

बाहेरच्यांचा हा धंदा सुरू झाला तो अमेरिकेत, १९७९ साली. अटारी नावाच्या मोठ्या कंपनीतले चार प्रोग्रामर बाहेर पडले. त्यांनी केलेले गेम लाखोंनी खपत होते, पण डब्यावर त्यांचं नाव नव्हतं आणि पगारातही फरक पडत नव्हता. त्यांनी ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी गेम करायला लागले. अटारी कोर्टात गेली. १९८२ ला तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम करून विकायची वाट सगळ्यांना मोकळी झाली. मग काय, ज्यांचा गेमशी काडीचा संबंध नाही असेही लोक त्यात शिरले. दुकानं भरली. डब्यावर चित्र असं की सिनेमाचं पोस्टर वाटावं, आणि टीव्हीवर लावलं की चार चौकोन इकडून तिकडं सरकणार. आईबाप पैसे मोजायचे, पोरं रडायची. १९८३ पर्यंत लोकांचा विश्वासच उडाला आणि अमेरिकेतला हा सगळा बाजार बसला.

सगळा दोष बाहेरच्यांचा होता असं मात्र नाही, हेही सांगतो. अटारीचा स्वतःचा 'ई.टी.' हा गेम १९८२ च्या नाताळला बाजारात यावा म्हणून साधारण पाच आठवड्यांत उरकलेला होता. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरल्या. २०१४ साली तो खड्डा उकरला तर खरोखर कॅसेट निघाल्या. म्हणजे घरचा माल म्हणून तो चांगलाच असेल असं काही नाही.

इकडे जपानमध्ये १९८३ च्या जुलैत निन्टेन्डोनं जे मशीन काढलं त्याचं नावच होतं 'फॅमिली कॉम्प्युटर'. पुढच्याच वर्षी हडसन आणि नामको या बाहेरच्या कंपन्या त्यावर आल्या. १९८५ ला ते मशीन अमेरिकेत नेताना अटारीचं काय झालं हे निन्टेन्डोला चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी दारावर माणूस बसवला. मशीनमध्ये एक कुलूप-चिप घातली, परवाना नसलेली कॅसेट चालायचीच नाही. बाहेरच्या कंपनीनं वर्षाला फक्त पाच गेम काढायचे. कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि पैसे आधी भरायचे. माल खपला नाही तर नुकसान बाहेरच्याचं. वर डब्यावर निन्टेन्डोचा शिक्का. पाचाच्या नियमाला कंटाळून कोनामी कंपनीनं 'अल्ट्रा गेम्स' असं दुसरं नाव काढून त्या नावानं वेगळे गेम विकले. एकाच घरात दोन परवाने. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "हे तर आपल्याकडलंच झालं की."

आता आपलं बघा. नव्वदच्या दशकात नांदेडात आम्ही हेच मशीन खेळत होतो, फक्त ते निन्टेन्डोचं नव्हतं, त्याची नक्कल होती. आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो. वजिराबादच्या दुकानात पिवळ्या कॅसेट मिळायच्या. वर छापलेलं असायचं '९९९९ इन १', आणि आत तेच पंधरा-वीस गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा, मारिओ, बॉम्बरमॅन, बदकं मारायचा गेम. मारिओ आणि बदकं निन्टेन्डोची, कॉन्ट्रा कोनामीचा, बॉम्बरमॅन हडसनचा, हे मला कळलं ते चाळिशीत. तेव्हा आमच्यासाठी घरचं आणि बाहेरचं असा फरकच नव्हता, सगळं त्या पिवळ्या कॅसेटचं होतं. आणि ज्यांनी ते गेम केले त्यांच्यापर्यंत आमचा एक रुपया पोचला नाही. ती आठवण गोड आहे, हे नाकारत नाही. पण गेम ही कोणीतरी बसून, विचार करून, पैसे घालून केलेली वस्तू असते ही जाणीव आमच्या पिढीला झालीच नाही, ती या कॅसेटमुळे. आजही आपल्याकडे पुस्तकाला लेखक असतो, सिनेमाला दिग्दर्शक असतो, गेम मात्र नुसता 'येतो'.

त्या नक्कल मशीनची कॅसेट मात्र आम्ही दुकानात लावून बघायचो. दुकानदाराकडे एक छोटा टीव्ही असायचा. कॅसेट चालते का, कोणते गेम आहेत, हे बघूनच पैसे द्यायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोनं 'वी' नावाचं मशीन काढलं. हातात टीव्हीच्या रिमोटसारखी काठी. टेनिस खेळायचं तर हात टेनिससारखा फिरवायचा, बस्स. आजी, नातू, सून, सगळे खेळू शकतील असं. जगभरात १० कोटींच्या वर मशीनं खपली. इतकी गिऱ्हाइकं बघून बाहेरच्या कंपन्यांच्या तोंडाला पाणी सुटलं नसतं तरच नवल. पण झालं उलटं. बाहेरचे कितीतरी चांगले गेम त्यावर पडून राहिले.

का? मला तीन-चार कारणं दिसतात, आणि ती सारख्या वजनाची नाहीत.

एक तर मशीनसोबत 'वी स्पोर्ट्स' हा गेम जपान सोडून बहुतेक देशांत फुकट मिळत होता. तो ८ कोटींच्या वर घरांत गेला. ज्या घरात वर्षातून एखाद-दुसरा गेम घेतला जातो, त्यांचं तेवढ्यावर भागलं. दुसरं, मशीनची ताकद इतर मशीनपेक्षा कमी होती. मोठ्या कंपन्यांचे मोठे गेम त्यात बसत नव्हते. मग त्या कंपन्यांनी आपली चांगली माणसं दुसऱ्या मशीनच्या कामाला लावली आणि 'वी'साठी उरलीसुरली.

पण खरं कारण वेगळं आहे. अशा मशीनवर खेळणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. कॉलेजचा पोरगा स्वतःच्या मशीनसाठी गेम घेतो तेव्हा तो महिनाभर त्याबद्दल वाचतो, मित्रांना विचारतो. आई किंवा बाप दुकानात जातो तेव्हा त्याला दोनच गोष्टी ओळखू येतात, एक मारिओचा चेहरा आणि दुसरं कव्हर. चेहरा निन्टेन्डोकडे होता. बाहेरच्यांकडे उरलं कव्हर.

कॅपकॉम कंपनीनं २००७ मध्ये 'झॅक अँड विकी' नावाचा गेम काढला. खजिना शोधणारा पोरगा, डोकं लावून सोडवायची कोडी, हातातली काठी कधी किल्ली तर कधी करवत. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. आपल्या वर्गात दाखवावा असा गेम. पण खप जेमतेम. नाव ऐकून, डबा बघून कोणत्या आईला काय कळणार होतं? त्याच वर्षी सेगानं मारिओ आणि स्वतःचा सोनिक यांना ऑलिंपिकमध्ये धावायला लावलं. सेगा म्हणजे एकेकाळी निन्टेन्डोची कट्टर वैरी. तो गेम 'वी' आणि निन्टेन्डोचं हातातलं डीएस मशीन मिळून १ कोटीच्या वर गेला. चेहरा उसना घेतला आणि माल खपला.

आणखी एक प्रकार सांगतो, हसू येईल. 'निंजाब्रेड मॅन' नावाचा गेम होता. बिस्किटाचा माणूस तलवार घेऊन फिरतो. त्याच कंपनीनं तोच गेम, तीच चाल, जवळजवळ तसाच रस्ता ठेवून, फक्त पात्रं आणि चित्रं बदलून आणखी तीन नावांनी विकला. एकात इजिप्तचा देव, एकात परी, एकात गिटारवाला. गाईडचं जुनं पुस्तक नवं कव्हर लावून 'सुधारित आवृत्ती' म्हणून येतं ना, अगदी तसं. दाजींच्या ट्रकचे पूर्वज हेच. अशा गेमांना शेल्फ भरून टाकता येतं, म्हणून चांगला गेम त्यात दिसेनासा होतो. नुकसान नुसतं आईबापाच्या पैशाचं नाही, 'झॅक अँड विकी' करणाऱ्याचं पण आहे.

मग बाहेरच्या कुणाचंच चाललं नाही का? चाललं, आणि जोरात चाललं. २००९ च्या नोव्हेंबरात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं 'जस्ट डान्स' काढला. टीव्हीवर एक जण नाचतो, तसं आपण नाचायचं. बस एवढंच. समीक्षकांनी नाकं मुरडली, गुण कमी दिले. लोकांनी मात्र लाखोंनी घेतला, आणि दरवर्षी नवा भाग आला. 'वी' मशीनचं उत्पादन बंद झाल्यावरही २०१९ पर्यंत त्यासाठी 'जस्ट डान्स' निघत राहिला. कारण? तो गेम कव्हरवरून विकला गेलाच नाही. तो विकला गेला शेजारच्या घरी. वाढदिवसाला गेलो, चार पोरं आणि एक मावशी टीव्हीसमोर नाचताना बघितली, समजावून सांगायची गरज पडली नाही. घरी येऊन घेतला. म्हणजे वजिराबादच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीचंच काम त्या मावशीनं केलं.

दाजींना मी हे सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "सोयाबीनचं पोतं फोडून, मूठभर हातात घेऊन, ओल बघून, माती बघूनच बोली लागते गुरुजी. शेतकरी कितीही ओळखीचा असला तरी." मी म्हणलं, "दाजी, मग ट्रकचं पोतं का नाही फोडलं?" गप्प बसले.

आता स्विच. हे मशीन मार्च २०१७ ला आलं, १५ कोटींच्या वर खपलंय. यावर बाहेरच्यांचं 'वी'पेक्षा बरंच बरं चाललं. एका माणसानं एकट्यानं केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम यावर घराघरांत गेला. पेरायचं, पाणी द्यायचं, बाजारात विकायचं. आपल्या पोरांना तर समजवायची गरजच नाही. पण दारावरचा माणूस आता पूर्वीसारखा नाही. वर्षाला पाच गेम, कॅसेटचे पैसे आधी, हे सगळं गेलं. ऑनलाइन दुकानात शेल्फ संपत नाही, म्हणून हजारो गेम आहेत. दाजींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे. दुकानात ठेवायला जागा लागत नाही, म्हणून ठेवलंय.

किमतीचा खेळ पण समजून घ्या. निन्टेन्डो स्वतःच्या गेमची किंमत सहसा पाडत नाही. मारिओ कार्टचा हा भाग २०१७ चा आहे, साठ डॉलरचा. इतक्या वर्षांनी पण बहुतेक वेळा तेवढ्यालाच, आणि तरी ६ कोटींच्या वर खपला. बाहेरचे मात्र सेलवर जगतात. ७० टक्के, ८० टक्के सूट. त्यात उत्तम गेम पण असतो आणि भिंतीतून जाणारा ट्रक पण. सूट दोघांना सारखीच. त्यामुळे आपल्या पालकाच्या मनात एक सोपा हिशेब बसतो, महाग ते निन्टेन्डोचं आणि चांगलं, स्वस्त ते बाहेरचं आणि भंगार. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तर नियमच सांगितला, "सर, निन्टेन्डोचंच घ्यायचं, बाकीचं बघायचं पण नाही."

नियम सोपा आहे, पैसे पण वाचतील. तरी मला तो मान्य नाही, आणि का मान्य नाही ते पुण्याच्या एका गेमवरून सांगतो.

पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची छोटी कंपनी आहे. त्यांनी 'राजी' नावाचा गेम केला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोरगी. राखीच्या दिवशी राक्षस येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. ती त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिची गोष्ट एकमेकांना सांगतात. महाल, जिने, तटबंदी राजस्थानी धाटणीची, चित्रं पहाडी शैलीच्या वळणाची, आणि मधले गोष्टीचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेले. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या बाहुल्या ज्यांनी मुलांना दाखवल्या असतील, त्यांना ते बघून बरं वाटेल.

या लोकांनी २०१७ साली इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. तरी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डोनं छोट्या कंपन्यांच्या गेमच्या आपल्या ऑनलाइन कार्यक्रमात 'राजी' दाखवला आणि त्याच दिवशी तो स्विचवर विकायला ठेवला. बाकीच्या मशीनवर आणि कॉम्प्युटरवर तो ऑक्टोबरमध्ये आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्याच प्रयत्नातल्या छोट्या कंपन्यांच्या गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं. दोष पण आहेत. मारामारी काही ठिकाणी जड जाते, पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट एकदम येतो अशी तक्रार बऱ्याच समीक्षकांनी केली.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणावी की दुःख ते तुम्हीच ठरवा. पुण्यात बनलेला, राखीची गोष्ट सांगणारा गेम पहिल्यांदा अशा मशीनवर विकला गेला, जे तेव्हा भारतात अधिकृतपणे मिळतच नव्हतं. ज्याच्या घरी कुणी सिंगापूर, दुबई, अमेरिकेहून आणून दिलं त्यालाच. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपण सगळे काय करत होतो ते आठवा. शाळा बंद, आणि आमची लेकरं एका मोबाईलवर तिघंजण, रेंज यावी म्हणून गच्चीवर. त्याच दिवसांत तिकडे टोरांटोतला एखादा पोरगा राजीसोबत गोलूला शोधत होता. त्या कंपनीला मी दोष देत नाही. जिथं घेणारा आहे तिथं माल नेणार, अडत्याला हे सांगायला नको. निन्टेन्डोच्या मंचावर दाखवला गेला म्हणजे पोतं फोडून दाखवलं गेलं, याहून चांगली जागा बाहेरच्या कंपनीला मिळणं अवघड होतं.

सुट्टीनंतर शाळेत मी सातवीच्या वर्गाला 'राजी'चा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवला. कुठं बनलाय म्हणून विचारलं. "जपान." "अमेरिका." एकजण म्हणाला "हैदराबाद", त्याचं कौतुक केलं. पुणे म्हणल्यावर कोणी मानेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, तिनं विचारलं, "सर, ती मराठी बोलते का?"

नाही बोलत. आधी इंग्रजी बोलत होती. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. मराठी नाही. माझ्याकडे त्या पोरीला द्यायला चांगलं उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं आहे की मराठी बोलणारा गेम घेणारा पालक कोणाला दिसला असता, तर कोणीतरी मराठी आवाज पण भरला असता. आपण दिसत नाही, कारण आपण एकतर पिवळी कॅसेट घेतो, नाहीतर सेलमधला ट्रक, नाहीतर 'गेमचं नावच काढू नका' म्हणतो. 'फक्त निन्टेन्डोचं' हा बाईंचा नियम लावला तर राजी कधीच घरात येणार नाही, आणि उद्या नांदेडच्या एखाद्या पोरानं गोदावरीच्या घाटावरची गोष्ट घेऊन गेम केला तर तोही नाही. तो पोरगा आपल्याच वर्गात बसलेला असू शकतो.

एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडे 'गेम' म्हणलं की बऱ्याच पालकांना रमीच्या जाहिराती आठवतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. तो विषय वेगळा, हा वेगळा. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

तर करायचं काय, असं पालक विचारतात. मी माझ्या पालकांना एवढंच सांगतो की घेण्याआधी त्या गेमचा खरा खेळतानाचा व्हिडिओ वीस मिनिटं पोरासोबत बसून बघा. जाहिरात नाही, कव्हर नाही, कोणीतरी खेळताना रेकॉर्ड केलेलं. डब्यावर किंवा दुकानाच्या पानावर वयाचा आकडा असतो, युरोपच्या पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असा, तो वाचा. पोराला विचारा, यात तू काय करणार? त्याला दोन वाक्यांत सांगता आलं तर पुढं जा. यात काही अवघड नाही, सोयाबीन घेताना आपण याहून जास्त करतो. आणि शिक्षकांनो, पालक सभेत आपण दरवर्षी गाईडची नावं सांगतो, एखाद्या वर्षी दोन चांगल्या गेमची सांगितली तर काही बिघडणार नाही. वजिराबादच्या दुकानातला तो छोटा टीव्ही आता कोणाकडेच नाही. तो आपणच लावावा, असं माझं मत आहे. न पटणाऱ्यांनी जरूर कळवा.

दाजींनी शेवटी दिवाळीच्या पाडव्याला बसून 'राजी'चा व्हिडिओ बघितला. वीस मिनिटं नाही, चांगला पाऊण तास. राक्षस आला की "अरे, मागं बघ की!" असं टीव्हीला सांगत होते. मी म्हणलं, पोरगं सहावीचं आहे, मारामारी आहे, सोबत बसा. "बसतो की." सेल लागल्यावर पुतण्याच्या खात्यातूनच घेतला.

परवा रात्री नऊ वाजता बहिणीचा फोन. मला वाटलं काय झालं. "दादा, त्या पोरीचा भाऊ सापडतो का रे शेवटी? चार दिवस झाले, हे दोघं बापलेक एकाच राक्षसापाशी अडकलेत, जेवायला पण उठनात. मला सांग, मी त्यांना नाही सांगायची."

मी सांगितलं नाही. म्हणलं, तू पण बस त्यांच्यापाशी.